दारू फेकून हवा ठेवणारी बाई

माझी बायको अनसूया गेली त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिळून चार पिपे दारू उकिरड्यावर ओतली. आम्ही दोघंही पीत नव्हतो. पिणारे पलीकडे उभे होते, पाच-सहा जण, खाली माना घालून. कोणाच्या शोकसभेले आल्यासारखे. अनसूया प्रत्येक पिप्यात आधी शेण कालवायची, मग ओतायची. त्यातला एक जण दर वेळी एकच बोलायचा, "काकू, शेन ओतल्यावर टाकत जा ना."

"मंग तू उकिरड्यावर लोळशीन. आधी सांग, जेवला का?"

हे आमचं दर पाचव्या दिवशी चालायचं. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी. तरी चोरून काढणारे काढतात. ते हवा सोडून देतात अन् दारू ठेवतात. माझ्या बायकोनं तीन वर्षं दारू फेकली अन् हवा ठेवली. काऊन, ते सांगतो. मी चौथी शिकलेला माणूस आहे. झालं तसं लिहितो, सजवता येत नाई.

केळझरले गणपतीच्या टेकडीखाली आमचा पानमळा. पानमळा ज्यानं पाहिला नाई त्यानं असं समजावं, की गवताच्या कुडाचं एक मोठं घर आहे. आत शेवरीची झाडं ओळीनं लावली आहेत अन् प्रत्येक शेवरीवर एक नागवेल चढवली आहे. ऊन गाळून येते, वारा लागत नाई. चप्पल दाराबाहेर काढायची. विडी ओढायची नाई. अन् बाईनं आत यायचं नाई. वेल म्हणजे देवी, तिले दुसरी बाई खपत नाई, असं माझा बाप सांगायचा. तिले खपत नाई हे तुम्हाले कोणं सांगितलं, असं मी लहानपणी एकदा बापाले मळ्यात विचारलं. पायताण बाहेर होतं म्हणून त्या वेळी वाचलो. बाहेर आल्यावर उत्तर भेटलं.

अनसूया लग्न होऊन आली तेव्हापासून पस्तीस वर्षं तिनं माझी भाकर मळ्याच्या दारापर्यंत आणली. शिदोरी दारातून आत द्यायची अन् विचारायची, "कशा हायेत?" दवाखान्यात आत कोणी भरती असलं की बाहेरचं माणूस विचारते ना, तसं. मी म्हणायचो, "बऱ्या हायेत." ती जायची.

तिले जगात एकच गोष्ट सहन होत नव्हती, ती म्हणजे कोणी उपाशी असणं. पोस्टमन आला, जेवले का? बांगड्या भरणारी आली, जेवली का? निवडणुकीत मत मागायले आलेल्या माणसाले तिनं पिठलं-भाकर वाढली, अन् त्यानं हात धुतल्यावर सांगितलं की मत दुसऱ्याले देणार आहे. एकदा आम्ही पोरीकडे समुद्रपूरले चाललो होतो. एसटीत कंडक्टर तिकीट फाडून राह्यला होता, तर त्याले विचारलं, "जेवले का?" तो इमानदार माणूस, नाई म्हणाला. पोरीसाठी नेलेल्या पुरणपोळ्या तिथंच सुटल्या. मागून ड्रायव्हर ओरडला, "मी बी नाई जेवलो, काकू!" गाडी पंधरा मिनिटं उभी. मी खिडकीबाहेर पाहत होतो, जसं काही ही बाई माझी कोणीच नाई.

मग मळ्यात मर लागली. हा वेलीचा रोग. आज वेल हिरवी, उद्या मान टाकते, परवा बुडाशी काळी. औषध मारलं, राख टाकली, नारळ फोडला. रोज जेवताना मी सांगायचो, "आज दोन गेल्या." कधी, "आज चार." अनसूया काही बोलायची नाई. भात वाढायची.

शेतकी खात्याचा एक साहेब आला, बोंदरे नावाचा. जवान पोरगा, बूट काढायले सांगितलं तर मोज्यातच मळ्यात शिरला. म्हणाला, "काका, इथली माती सडली. गेलेल्या वेलीचा खड्डा खोल उकरा, तळ्याची माती भरा, पाणी साचू देऊ नका. अन् निरोगी बेणं आणून लावा." बेणं म्हणजे वेलीच्या शेंड्याकडचा तुकडा, तो रोवला की नवी वेल होते. मी विचारलं, निरोगी बेणं कुठून आणू? आसपासच्या सगळ्याच मळ्यांत मर होती. साहेबानं चहा पिला.

तो ओट्यावर चहा पीत होता तेव्हा अनसूयानं त्याले विचारलं, "साहेब, वेल खाते काय?"

"मातीतलं खाते, काकू. अन् हवेतलंही खाते. आपण श्वास सोडतो ना, ती आपल्याले नको असलेली हवा झाडाचं जेवण आहे. उन्हात जेवते. परदेशात काचेच्या घरात झाडं लावतात. घर बंद असलं की ती हवा झाडं खाऊन टाकतात, मग संपते. म्हणून ते बाहेरून सोडतात. पीक जोरात येते."

अनसूयाच्या हातातली किटली तिथंच थांबली. "म्हंजे बंद घरात त्या उपाशी राह्यतेत?"

"तसंच समजा."

"मंग ते हवा कोठं भेटते?"

साहेब हसला. "तुमच्या तोंडातून निघते. चुलीतून निघते. गूळ आंबवला तर त्यातूनही निघते." चहा संपला, साहेब गेला. त्यानं काय सांगितलं हे सेलूच्या बसमध्ये चढेपर्यंत तोही विसरला असेल. अनसूया विसरली नाई.

मी मळ्याच्या बाहेर जे छाटलेले शेंडे टाकायचो, त्यातले हिरवे तिनं वेचून आणले. खताच्या पोत्यांच्या आत प्लास्टिकची पातळ पन्नी असते, ती गावभर फिरून गोळा केली. उलथणं चुलीत तापवून पन्नीले पन्नी चिकटवली, परसात बांबू रोवले, अन् एक घर उभं केलं. मी वाकल्याशिवाय आत जाऊ शकत नव्हतो. जायचं कारणही नव्हतं.

आता हवा. तिनं आधी गावाच्या तोंडातून काढायचं ठरवलं. आमच्याकडे येणाऱ्याले चहा पाहिजे तर पन्नीच्या घरात बसून प्यावा लागायचा. "बसा, बोला. त्याहिले खाऊ द्या." हे तिचं पालुपद झालं. सगळ्यांत कामाची निघाली शांता, माझ्या मेलेल्या लहान भावाची बायको, भिंतीले भिंत लागून राहणारी. शांता एका श्वासात सासरचे सगळे काढते. तिले रोज सकाळी आठ ते नऊ तिथं बसवलं जायचं. मले कधी बोलावलं नाई. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "तुमी बोलतच नाई. तुमची हवा निघनार कोठून?"

एका एकादशीले तिनं भजनी मंडळ बोलावलं. गाणाऱ्याचा श्वास मोठा, असा तिचा हिशेब. चौदा माणसं पन्नीत कोंबली, टाळ-मृदंगासकट. ऊन चढलं. तिसऱ्या अभंगाले मृदंगाची शाई ओली झाली, चौथ्याले बुवा बाहेर आले ते थेट विहिरीकडे गेले. म्हणाले, "काकू, देव जवळच आलता. थोडक्यात वाचलो."

माणसांची हवा पुरत नाई हे तिच्या ध्यानात आलं. मग तिनं चूल आत नेली. धुरानं दोन वेली काळ्या पडल्या. त्या दिवशी ती त्यांच्याजवळ बसून राहिली अन् आपल्या गालावर चापट मारून घेतली, एका वेलीची एक, दुसरीची एक. चूल परत आली.

मग गूळ. सेलूच्या पाववाल्याकडून खमीर आणलं. तेलाचे चार पिपे, त्यात गूळ-पाणी अन् खमीर, तोंड मेणानं बंद. झाकणाले भोक पाडून त्यात सलाईनची नळी. नळी कंपाउंडरनं दिली, त्यालेही जेवू घातलं होतं. पिपे आत उंच फळीवर ठेवले, कारण ही हवा जड असते, खाली बसते. खाली बसली की नाई हे पाहायले वेलीच्या बुडाशी पणती लावून ठेवायची. पणती विझली की म्हणायची, "बसली पंगत." सकाळी ऊन आलं की पन्नी बंद, दहा वाजले की दार उघडं, नाईतर वेली शिजल्या असत्या. सूर्य बुडाला की नळीले गाठ. "आता त्याहिचा उपास."

हे सगळं तिनं कोणाले विचारून केलं नाई. चुकत-चुकत केलं. अन् तिच्या वेलींले पानं आली, ती माझ्या पंजाएवढी. मी पंजा लावून पाहिला नाई, दुरून अंदाज केला.

वासाचं काय व्हायचं ते झालं. पहिल्यांदा आले पिणारे. दुसऱ्या आठवड्यात आला जमादार, दोन शिपाई घेऊन.

"बाई, दारू कोठं हाये?"

"उकिरड्यावर."

"विकता कोनाले?"

"विकत नाई. ओतून देतो."

"मंग काढता काऊन?"

"हवेसाठी."

जमादारानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्याकडे पाहू नका. मलेही असंच सांगते." त्याले पन्नीत नेलं. नळ्या दाखवल्या, पणती दाखवली. त्यानं पंचनामा लिहायले घेतला. 'सदर बाई दारू फेकून' इथपर्यंत लिहिलं अन् पेन थांबलं. शिपाई म्हणाला, "साहेब, हवेले कलम कोनतं?" तेवढ्यात अनसूयानं विचारलं, जेवले का. तिघंही नव्हते जेवले. कांद्याचा झुणका अन् भाकरी खाऊन जमादारानं फैसला दिला की दर पाचव्या दिवशी, चार लोकांसमोर, नवऱ्यानं हजर राहून, शेण कालवून ओतायचं. नवऱ्याचं नाव त्यानं मुद्दाम घातलं. मले काम लागलं.

जाताना तिनं त्याले आपल्या वेलीचं पान लावून दिलं. तो ओट्यावरच चावत उभा राहिला. "काका, तुमच्या मळ्याचं पान हाये का हे? लोण्यावानी हाये."

मी म्हटलं, "नाई. हे हिच्या झोपडीतलं."

मी ते पान कधी खाल्लं नाई. माझ्या मळ्यात ओळीच्या ओळी वाळत होत्या, मागं परसात हिरवं रान झालं होतं, अन् मी, तीन पिढ्यांचा पानमळेवाला, वर्ध्याच्या बाजारातून पान विकत आणून खात होतो. त्या वेळी मले त्यात काही चुकीचं वाटलं नाई.

खड्डे मी उकरून ठेवले होते, तळ्याची माती भरून. बेणं नव्हतं. अनसूया लावणीच्या दिवसांत विचारायची, "यंदा माह्या वेलीचं बेनं लावता का? रोग नाई त्याले."

मी म्हणायचो, "दारूच्या वासावर वाढलेली, बाईच्या हातची वेल माझ्या बापाच्या मळ्यात जाणार नाई. मळा गेला तरी चालेल."

"बरं," म्हणायची. "तोवर त्याहिले खाऊ देतो." तीन वर्षं असं झालं. मी सांगितलं तेवढं स्पष्ट सांगितलं. घुमवून बोलायची सवय मले नाई, अन् त्यामुळे कोणाचं भलं झाल्याचंही आठवत नाई.

त्या दिवशी दसरा होऊन आठवडा झाला होता. उकिरड्यावर पिपा उलटा करता करता तिनं विचारलं, "यंदा लावता का?"

मी म्हटलं, "पाहू."

ती पिपा हातात धरून उभीच राहिली. मले वाटलं, ओझं झालं म्हणून. मी पिपा घेतला. तिनं पदराले हात पुसले अन् घरात गेली.

दुपारी मी जेवून मळ्यात गेलो. चारच्या सुमारास शांताचा आरडाओरडा ऐकून घरी आलो, तर अनसूया परसातल्या ओट्यावर भिंतीले टेकून बसली होती. डॉक्टर म्हणाला, हृदय. संध्याकाळी पोरगी समुद्रपूरहून पोचली अन् दिवस बुडायच्या आत सगळं आटोपलं. उकिरड्यापाशी उभे राहणारे सगळे जण खांदा द्यायले आले होते. कोरडे होते, कोणी प्यालं नव्हतं. जो शेणाची विनंती करायचा त्यानं मडकं धरलं. मले वाटलं होतं मी रडेन. सगळे पाहत होते, म्हणून जमलं नाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजेड झाला तसा मी मळ्याकडे गेलो. सुतकात दहा दिवस मळ्यात पाय टाकत नाई. आत जायचं नव्हतं, फक्त दारापर्यंत जावं म्हणून गेलो. घरात बसून काय करू?

दाराशी, आंब्याच्या सावलीत, एक ओलं पोतं ठेवलं होतं. काल दुपारपासून तिथंच असेल. मी मागच्या फटीतून आत गेलो होतो, दिसलं नाई. पोतं उघडलं. आत बेणं होतं. तिच्या वेलींचं, वीतभर मोठं, एकसारखं कापलेलं, दहा-दहाच्या जुड्या, तिच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी बांधलेल्या. मी 'पाहू' म्हटलं ते तिनं 'हो' धरलं होतं. पस्तीस वर्षांत मी तिले 'पाहू' कधी म्हटलंच नव्हतं.

मोजलं. अठ्ठावन्न तुकडे निघाले. मळ्यात खड्डे होते एकसष्ट. मळ्यात तिनं कधी पाय ठेवला नाई, खड्डे तिले माहीत असायचं कारण नाई. पण रोज जेवताना मी सांगत होतो, आज दोन, आज चार. ती बोलत नव्हती, पण धरून ठेवत होती. तीन कमी काऊन, ते मले लगेच समजलं. गेल्या आठवड्यात तिले चालताना दम लागत होता. तेव्हा गेलेल्या तीन वेली मी तिले सांगितल्या नव्हत्या. "आज एकही नाई गेली," असं खोटं सांगितलं होतं.

कापलेलं बेणं दहा दिवस थांबत नाई. दोन दिवसांत सुकते.

शांता मले शोधत आली. घरी भेटायले माणसं येऊन राह्यली होती. गावभर बोलणारी ही बाई माझ्याशी मात्र कधी एक शब्द बोलली नव्हती, कारण मी तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. डोक्यावर पदर घेऊन, तोंड वळवून ती दूर उभी राहिली. मी कुडाचं दार पूर्ण उघडलं. बेणं लावायचं काम एकट्याचं नाई. एकानं शेवरीले लावून धरायचं, दुसऱ्यानं माती दाबायची.

मी म्हटलं, "आत ये."

तिनं दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पोत्याकडे. चप्पल काढली. पण उंबऱ्यापाशी थांबली.

"थांबू नोको," मी म्हटलं. "बेनं सुकते."

ती आत आली. चारही बाजूंनी पाहत राहिली. मी पहिल्या खड्ड्यापाशी बसलो, माती मोकळी केली, जुडी सोडली, एक बेणं घेतलं अन् रोवलं. तिनं ते शेवरीले धरायले हात पुढे केला अन् तसाच थांबवला. मग पदराआडून, पण सरळ मलेच म्हणाली,

"भासरेबुवा, उलटं लावून राह्यले तुमी."

पाहिलं. शेंडा खाली होता. उपसून काढलं, सरळ केलं, अन् माती दाबली.